प्रतिसाद: डोंगरातला झरा शोधताना

उंबर दिसला की जवळ पाणी, असं झरा शोधण्यावरच्या मूळ लेखात लिहिलंय ते बऱ्याच अंशी खरं, पण आमच्या सातारा जिल्ह्यातल्या जावळीत नुसत्या उंबरावर भागत नाही. इथल्या पठारांवर वर जांभा, म्हणजे तांबडा दगड, आणि खाली काळा कातळ. जांभा सच्छिद्र, पाऊस आत मुरतो. खाली चिकणमातीचा थर नाहीतर कातळ लागला की पाणी आडवं सरकून उतारावर पाझरतं. म्हणून एक झरा सापडला की वर-खाली न शोधता त्याच पातळीने आडवं चालावं. वैशाखात सगळं गवत वाळलेलं असताना जिथे शेवाळ ओलं आणि नेचे हिरवे दिसतात, तिथे हमखास थांबून बघायचं.

आणि भरताना डबक्यात कळशी बुडवू नका, कळकळीने सांगतो. तळाचा गाळ ढवळतो आणि मागच्या बायकांना पाणी निवळेपर्यंत ताटकळावं लागतं. झऱ्याच्या फटीत, उभ्या चिरलेल्या बांबूची पन्हळ बसवली की धार थेट हंड्यात पडते, हंड्याच्या तोंडाला फडकं बांधलं की झालं. वर गुरं चरत असतील तर नितळ पाणीही उकळूनच प्यावं. पहिल्या पावसानंतर तर नक्कीच, शेणमाती त्याच वाटेने झऱ्यात उतरते.