सी-क्लासच्या खाली खरंच ई-क्लास असते का?

शिरोली_टर्नर
२०१७ ची जुनी मर्सिडीज सी-क्लास बघून आलो. विकणारा म्हणतोय, "साहेब, खाली मोठी ई-क्लासच आहे, नुसती लांबी कमी." मी शिरोलीत मशीन शॉपला आहे, "खाली तेच" म्हटलं की आधी माप घ्यायला व्हर्नियर शोधतो. मागं बसून बघितलं तर मधल्या सीटच्या पायाशी हा एवढा उंचवटा. आईनं तिथं बसायचं म्हणजे दोन्हीकडं पाय टाकून, घोड्यावर बसल्यागत. एवढे पैसे मोजून हे कशाला? आणि पावसाळ्यात गगनबावड्याला मागच्या चाकांवर पळणारी गाडी चालंल का?

रंकाळा_०९
बावड्याला जायचं तर बोलेरो घे की भावा.

उद्यमनगर_गॅरेज
बोलेरोबी मागच्या चाकांवरच पळते, भावा.

टर्नरसाहेब, विकणारा अर्धं खरं बोलतोय. मर्सिडीजचा एमआरए नावाचा प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीखालचा पायाभूत सांगाडा, त्यावरच २०१४ ला तुमची सी आणि २०१६ ला ई. सीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २८४० मिलिमीटर, ईचा २९३९, आणि आपल्याकडं २०१७ ला आलेली लांब ई ३०७९. तुमच्या भाषेत सांगतो: फिक्श्चर (जॉब पकडायची चौकट) एक, जॉब दोन. जॉब जागेवर बसवणाऱ्या लोकेटिंग पिना हलवायच्या नाहीत. गाडीत तसा न हलवायचा भाग म्हणजे पुढचं चाक ते पेडल. हा पट्टा सगळ्यात खर्चिक, कारण गाडीच्या लांबीत बसवलेलं इंजिन, त्यामागं गिअरबॉक्स, स्टिअरिंग, धडक सोसायची रचना, सगळं तिथंच. लांबी वाढवायची ती शक्यतो मागच्या फरशीत. लांब ईचे जादा १४० मिलिमीटर मागं बसणाऱ्याच्या गुडघ्यापुढंच गेलेत.

उंचवटा म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणाऱ्या दांड्याचा, बोगदा. ई घेतली तरी आईला घोडा आहेच.

आता उलटं ऐका. एक गिऱ्हाईक बीएमडब्ल्यूच्या जुन्या थ्री सिरीजची अलॉय चाकं नव्या थ्री सिरीजला लावायला घेऊन आलं. नवी म्हणजे जी-२० मॉडेल, २०१९ ला इथं आलेली. एक बोल्ट धरला, बाकीचे भोकावर येईनात. जुन्याचा पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, १२० मिलिमीटर, नव्याचा ११२. नवी थ्री ज्या क्लार प्लॅटफॉर्मवर आहे तो २०१५ च्या मोठ्या सेव्हन सिरीजला आला, आणि तिचाबी ११२च. चाकांची मापं थोरल्या भावाशी जुळतात, बापाशी नाहीत. गिऱ्हाईक माझ्यावरच डाफरलं, जणू भोकं मीच पाडलीत.

म्हणून "खाली ई आहे" ऐकून एक रुपया जादा देऊ नका. फोर्डच्या एकाच प्लॅटफॉर्मवर जॅग्वार एस-टाईप आणि लिंकन एलएस दोन्ही निघाल्या, पण शेजारी उभ्या केल्या तर नातं ओळखू यायचं नाही.

बावड्याचं म्हणाल तर ईएसपी आहे, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, मागची चाकं घसरायला लागली की तेच सांभाळतंय. फक्त टायर बघा. बाजूला चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. सहा वर्षांवरचे असतील तर चार टायरचे पैसे किमतीतनं काढायला लावा, मग बोलणी.

शिरोली_टर्नर
दादा, संध्याकाळी परत जाऊन आलो. चारही टायरवर ०८१७. विकणाऱ्याला दाखवलं तर म्हणतोय, "बघा साहेब, सगळं ओरिजिनल!"