आरएएलएफ१ दिल्यावर मुळं आखूड होतात, पण सामू हलत नाही: मदत हवी आहे

नमस्कार. अ‍ॅराबिडोप्सिस या छोट्या वनस्पतीच्या ५ दिवसांच्या रोपांना १ मायक्रोमोलर आरएएलएफ१ (बाहेरचा सामू वाढवणारं म्हणून ओळखलं जाणारं वनस्पतींचं पेप्टाइड, म्हणजे छोटं प्रथिन) दिलं की दोन दिवसांत मुळांची वाढ निम्म्यावर येते. ब्रोमोक्रेसॉल पर्पल या सूचकाचा (आम्लात पिवळा, सामू वाढला की जांभळा) रंग मात्र तासाभरात जराही बदलत नाही. माध्यम अर्धं एमएस (रोपं वाढवायचं क्षारांचं द्रावण, निम्म्या तीव्रतेचं), त्यात ०.०५ टक्के एमईएस (सामू स्थिर ठेवणारं बफर), सामू ५.७. पेप्टाइड विकतचं, टीएफए (ट्रायफ्लुरोअ‍ॅसेटिक आम्ल) क्षाराच्या रूपातलं. सामू वाढायला हवा ना? कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
माध्यमात चुकतंय. ०.०५ टक्के एमईएस म्हणजे सुमारे २.५ मिलिमोलर, आणि त्याची पकड ६.१ च्या आसपास सगळ्यात घट्ट. जिथे बदल बघायचाय तिथेच ते सामू हलू देत नाही. शिवाय ५.७ ला हा रंग जवळजवळ पिवळाच दिसतो.

मुख्य मुद्दा असा, की आरएएलएफ१ बाहेर अल्क सोडत नाही. ते पेशीवरच्या फेरोनिया या ग्राहीला बांधलं जातं, मग प्रोटॉन बाहेर टाकून बाहेर आम्लता आणणाऱ्या एएचए२ या प्रोटॉन पंपाच्या ८९९ व्या सेरीनवर (एक अमिनो आम्ल) फॉस्फेट बसतं आणि पंप मंदावतो. त्यामुळे सामू चढण्याची वाट बघू नका. नुसत्या रोपांची नळी पिवळी पडत जाते, पेप्टाइडची जास्त वेळ जांभळट राहते. तो फरक मोजायचा.

चाचणीचं द्रावण असं ठेवा: ०.२ मिलिमोलर कॅल्शियम सल्फेट, ०.००६ टक्के रंग, बफर अजिबात नाही, सामू ६.५. कॅल्शियम वगळलंत तर पेशीपटलं गळू लागतात. रोपं आधी रंगाशिवायच्या याच द्रावणात दोनदा धुवा, नाहीतर मुळांबरोबर एमईएस येतं. दर १० मिनिटांनी ५९० नॅनोमीटरवर शोषण घ्या. नुसत्या नजरेवर जाऊ नका.

बफर काढलं की टीएफए नडतं. १० मायक्रोमोलर मोकळं आम्लसुद्धा बफर नसलेल्या पाण्याचा सामू ५ कडे खेचतं. पेप्टाइडच्या साठ्याचा सामू सौम्य केओएचने (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) आधीच ६.५ वर आणा आणि रोपांविना, फक्त पेप्टाइड घातलेली एक नळी ठेवाच.

प्रतिसाद २
एमएस सोडायला आणखी एक कारण आहे: मुळं अमोनियम घेतात तेव्हा बाहेर आम्लता वाढते, नायट्रेट घेतात तेव्हा कमी होते. त्या गोंधळात पंपाचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

मुळं आखूड झाली म्हणून पेप्टाइड चालतंय असं धरू नका, टीएफएनेही तसं होऊ शकतं. फेर-४ ची (फेरोनिया नसलेली उत्परिवर्तित) रोपं शेजारी लावा. तीही तितकीच आखूड झाली, तर तो परिणाम फेरोनियामार्फत झालेला नाही. पेप्टाइडच्या चार सिस्टीनमध्ये (गंधक असलेलं अमिनो आम्ल) दोन गंधक-पूल असतात. डीटीटी या क्षपणक रसायनाने ते तुटले की काम संपलं. साठ्यात डीटीटी किंवा मरकॅप्टोइथेनॉल शिरलंय का, तेही तपासा.

धागाकर्ता
यावरून नायट्रेटचं शोषण घटलं असं म्हणता येईल का?

प्रतिसाद २
थेट नाही. नायट्रेट प्रोटॉनसोबत आत येतं, त्यामुळे पंप मंदावला की ओढ कमी होणं शक्य आहे, पण ते १५एन (नायट्रोजनचं जड समस्थानिक) वापरून वेगळं मोजा. नायट्रेटची भूक पानांपर्यंत कळवणारं पेप्टाइड सीईपी१ आहे. त्याचा रस्ता एनआरटी२.१ या नायट्रेट आत आणणाऱ्या वाहकाकडे जातो, या पंपाकडे नाही.