मदत हवी आहे: रोजच्या कामात देव जवळ आहे हे कसं ओळखता?

सगळ्यांना प्रभूच्या नावात सलाम. मी कोल्हापूरची, रविवारी चर्च चुकत नाही पण बाकीचे दिवस डबे, शाळा, सासूबाईंची औषधं यातच जातात आणि रात्री प्रार्थनेला बसलं की डोळाच लागतो. परवा पहाटे भाकरी करत होते, हाताला पीठ चिकटलेलं, भाकरी टम्म फुगली आणि एकदम आतून इतकं शांत वाटलं की रडूच आलं, प्रभू इथंच गॅसपाशी उभा आहे असं वाटलं. बायबलमधल्या उत्पत्ती पुस्तकाच्या 28व्या अध्यायात याकोब दगड उशाला घेऊन झोपतो आणि उठल्यावर त्याला कळतं ना की देव इथंच होता, तसं. पण दुसऱ्या दिवशी परत काहीच नाही. तुम्ही डायरी लिहिता का, की काम करता करताच प्रार्थना? मला सलग 20 मिनिटं मिळत नाहीत हो. ज्यांना खरंच जमलंय त्यांनी सांगा प्लीज.