झाडीपट्टीवर पीएच.डी. करतेय, पण 'हा उद्योग आहे' हे कसं दाखवू?

धानपट्टा_मीडिया:
नमस्कार. मी सिंदेवाही तालुक्यातली. तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवते, जनसंवादात पीएच.डी.ची नोंदणी झाली आहे. विषय प्रादेशिक मनोरंजन उद्योग. त्यात झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातली नाटकं, आणि तीच कलाकार मंडळी यूट्यूबवर टाकतात त्या झाडीबोलीतल्या छोट्या फिल्मा.

सल्लागार समितीत मला विचारलं, कोल्हापुरात स्टुडिओ होते, मुंबईत वाहिन्या आहेत, तुमच्याकडे काय आहे? ही लोककला, मराठी विभागात जा. एका सरांचं म्हणणं, प्रभातवर करा. 1929 ला कोल्हापुरात निघाली, 1933 ला पुण्याला गेली, तिच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, वाचायला कपाटभर मिळेल. वडशावर (गडचिरोली जिल्ह्यातलं गाव, आमच्या नाटक कंपन्या तिथे आहेत) काय मिळणार? शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, मला सापडलं ते बहुतेक कथानक, बोली आणि पात्रं यांवरचं. पैसा कुठून येतो, तारीख कोण ठरवतो, नुकसान कोण सोसतो, हे कुठेच नाही. कुठून काढू? सिनॉप्सिस दुरुस्त करून पुन्हा द्यायचा आहे.

नागपूरी_संत्रं:
'मराठी मालिकांतील सासू' घ्या. घरबसल्या होते, गाईडही खूश. तासिकेच्या मानधनात गडचिरोलीच्या फेऱ्या परवडणार आहेत का? मस्करी नाही, खरंच विचारतो.

खजिनदार_ब्रह्मपुरी:
मॅडम, मी बारावी शिकलेला, धानाचा शेतकरी. पण आमच्या गावच्या नाट्य मंडळाचा खजिनदार आहो, तर वहीतलं सांगतो.

दिवाळीच्या आसपास वडशाला जा. रंगभूमीवाल्यांची, म्हणजे नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, बाहेर बोर्डांवर कलाकारांचे फोटो लागलेले. गावोगावचे लोकं येतात, नाटक ठरवतात, तारीख धरतात, इसार देतात. नाटक पाहून कोणी ठरवत नाही, बरेचदा ते बसलेलंही नसते. आम्ही पाहतो गाणारी बाई कोण, विनोदी नट कोण, आणि त्याच रात्री बाजूच्या गावात कोणाचं नाटक आहे. न पाहिलेल्या मालाचा सौदा नुसत्या नावावर होते. याले उद्योग नाही म्हणत तर काय म्हणतात, तुमच्या सरांना विचारा.

आता पैसा. कंपनीला उक्ती रक्कम द्यावी लागते, माणसं येवोत न येवोत. म्हणजे जोखीम कंपनीची नाही, गावाची. शामियाना, जागा, नाटकवाल्यांचं जेवण, सारं आमच्याकडून. जमा म्हणजे तिकीट, देणगी, चहा-चिवड्याच्या दुकानांच्या जागेचे पैसे. उरलं तर समाजमंदिराला, तोटा आला तर सभासदांची वर्गणी. खुर्चीचं तिकीट खपते की सारे खाली बसतात, ते धानावर आहे. तुडतुडा लागला त्या वर्षी पुढच्या खुर्च्या रिकाम्या. धानाचा बोनस खात्यात पडला की तेच लोकं जावयाला घेऊन पुढे बसतात. गावात नाटक म्हटलं की पाहुणे येतातच, पोरींची सोयरीकही त्याच निमित्तानं जुळते. हा खर्च मंडळाच्या वहीत नाही, घरोघरीच्या किराण्याच्या उधारीत आहे. तोही धरा.

शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, सोडू नका. दिवसा पट, रात्री नाटक, असं आमचं. 2014 ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 ला अटी घालून सुरू झाल्या. त्या मधल्या वर्षांत आमच्याकडे बाहेरगावची गर्दी कमी झाली, जमेत ते दिसते. पाचसहा गावच्या वह्या ताडून पाहा. पण मधात कोरोनाचा हंगाम आहे, तो वेगळा काढा, नाहीतर सारा दोष पटावर जाईल.

आणि पोलीस ठाणं. रात्री 10 नंतर भोंगा बंद, हा नियम 2000 सालचा. आमचं नाटक पहाटेपर्यंत. मग परवानगीच्या अर्जात वेळ काय लिहितात? मी नाही सांगत. माहिती अधिकार टाका.

पडद्यामागचा_मास्तर:
तुमचा पद्धतीचा अध्याय खजिनदारसाहेबांनी लिहूनच दिला. समितीला द्यायला माझ्याकडून थोडा दारूगोळा.

स्टुडिओ म्हणजे उद्योग, हे कोणी ठरवलं? तेजस्विनी गांती यांचं 2012 चं पुस्तक मुंबईच्या हिंदी सिनेमावर आहे. चालेल की नाही हे कळत नसताना निर्माते निर्णय कसे घेतात, ते त्या तिथे वावरून सांगतात. वडशाच्या ऑफिसात तोच प्रश्न आहे. लोटे हूक यांनी बांगलादेशात एकाच स्वस्त सिनेमाचा पाठपुरावा केला, संहितेपासून खेड्यातल्या थिएटरपर्यंत. मध्येच जोडलेल्या तुकड्यांमुळे तो ठिकठिकाणी वेगळा दिसायचा. तुमच्याकडे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांचं सेन्सॉर) गेलेली संहिता एक आणि शामियान्यात फर्माइशीवर वाढलेली लावणी दुसरी. एकच नाटक धरा, चार गावांत पाहा.

शेजारचं उदाहरणही द्या. पहिला छत्तीसगढी चित्रपट 1965 चा, पण धंदा म्हणून त्याने जोर धरला 2000 नंतर, राज्य वेगळं झालं त्या सुमारास. (विदर्भवाद्यांनी इथे उडी घेऊ नये.) आपल्याकडे 2023 ला परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, ती कलेसाठी. आनंदच आहे. पण 'कला' म्हणून गौरव झाला की मजुरीचं कोणी विचारत नाही, आणि तुमच्या समितीचा घोळ नेमका तिथे आहे.

यूट्यूबला वेगळा अध्याय देऊ नका. होळीनंतर हंगाम उतरतो, तिथून दिवाळीपर्यंत हे कलाकार पोट कसं भरतात, या प्रश्नाखाली तो आपोआप येतो. यूट्यूबच्या फिल्मांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही, शामियाना लागत नाही, पण पैसेही तिकीटबारीसारखे हातात पडत नाहीत.

धानपट्टा_मीडिया:
मनापासून आभार. यूट्यूब त्या प्रश्नाखाली घेते. खजिनदार काका, वह्या बघायला मिळतील का? आणि गाणाऱ्या, नाचणाऱ्या बायांशी बोलायचं आहे, हंगामात त्या भेटतात का?

खजिनदार_ब्रह्मपुरी:
वही दाखवतो, फोटो नाही काढायचे. देणगीदारांची नावं आहेत, कोणी किती कमी दिले तेही आहे, गावात भांडण लागेल. आकडे उतरवून घ्या.

बायांना नाटकाच्या रात्री गाठू नका. संध्याकाळी गाडीतून उतरतात, रंगतात, पहाटे पुन्हा गाडीत, दुसऱ्या रात्री दुसरं गाव. पावसाळ्यात त्यांच्या घरी जा, तेव्हा खरं बोलतील. मजुरी किती, बुडवली कोणी, ते विचारा, पण प्रबंधात नाव टाकू नका. पुढच्या हंगामाचं काम जाते.

आमच्याकडे येणार असाल तर मंडईच्या (गावच्या जत्रेच्या) आदल्या दिवशी नको, मंडई झाल्यावर आठवड्यानं या. तोवर हिशोब मिटलेला असते.