विषय: लग्नाचं लायसन्स आणि आठ तासांचा क्लास

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात लेकीचं लग्न आहे, ऑस्टिनला. टेक्सासात लग्नाआधी क्लास करावाच लागतो असं कानावर आलंय. होणारे जावई मिनियापोलिसचे, ते म्हणतात तिकडे १२ तासांचा असतो. खरं काय? नाशिकहून माणसं येणार आहेत, ऐन वेळी घोटाळा नको.
सुनंदा

---

सुनंदाताई, अभिनंदन!
सक्ती अजिबात नाही. कायदा आग्रह करतो, इतकंच. लायसन्सच्या आधीच्या वर्षभरात ८ तासांचा कोर्स केला असेल तर फीमधले ६० डॉलर माफ. शिवाय लायसन्स हातात पडल्यावर ७२ तास लग्न लावता येत नाही, तीही अट सुटते. २००८ पासून असं आहे. जावईबापूंचंही बरोबर: मिनेसोटात १२ तास केले की ११५ डॉलरची फी ४० वर येते. फ्लोरिडात ४ तासांत भागतं.
लायसन्स ९० दिवसच चालतं, तेव्हा घाईने आत्ताच काढू नका. लग्न लागलं की गुरुजींनी ते भरून ३० दिवसांत काउंटी क्लार्ककडे परत पाठवायचं. हे हमखास राहून जातं.
अविनाश

---

सरकारला कशाला हवी ही पंचाईत? आज सवलत, उद्या सक्ती.
श्रीकांत

---

श्रीकांतकाका, सक्तीवालं लग्न शेजारच्या लुइझियानात १९९७ पासून आहे, ‘कव्हनंट मॅरेज’. त्यात आधी समुपदेशन घ्यावंच लागतं आणि घटस्फोटही सहजी मिळत नाही. पण ते ज्याने त्याने निवडायचं, आणि निवडणारे अगदी थोडे.
आम्ही दोघांनी टेक्सासचा कोर्स केला तो खरं तर ६० डॉलरसाठीच. संवाद कसा साधायचा, भांडण कसं मिटवायचं, असे विषय होते. काही भाग कंटाळवाणा. पैशांवरचा तक्ता भरताना मात्र गाडी अडली. भारतात घरी दरमहा किती पाठवायचे, ग्रीन कार्डची रांग लांबली तर परत जायचं का, यावर आम्ही कधी बोललोच नव्हतो. तो वाद घरी येऊन रात्रीपर्यंत चालला. सासू-सासरे सहा महिने राहायला येतात त्याचा रकाना काही त्या तक्त्यात नव्हता, तो आम्हीच वाढवला.
मुग्धा

---

मुग्धा, तुझी मेल लेकीला पाठवली. रकाना वाचून ती फार हसली, जावई गप्प आहेत. आता एकच विचारते: हा क्लास आपले गुरुजी घेऊ शकतात का?
सुनंदा

---

ताई, कायद्याने धर्मगुरूही चालतात आणि परवानाधारक समुपदेशकही. पण भांडण मिटवायचं कसं, हे शिकवावं लागेल. आपले गुरुजी दक्षिणेवरून माझ्याशीच भांडलेत. समुपदेशक बघा.
अविनाश