रुमॅटिक हृदयरोगात कापून काढलेल्या झडपा जतन करून त्यांतील प्रथिनांचा अभ्यास व्हावा का?

आरस्पानी:

एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागात मी गेली बारा वर्षे काम करतो आहे. हृदयशस्त्रक्रियेनंतर आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांत रुमॅटिक आजाराने, म्हणजे घशातील स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती हृदयावर उलटल्याने, निकामी झालेली मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) नेहमीचीच. पाकळ्या जाड झालेल्या असतात, त्यांच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या असतात, खालचे दोर आखूड होऊन एकमेकांत गुंतलेले असतात आणि बऱ्याचदा सुरीखाली चुन्याचे खडे करकरतात. आम्ही फॉर्मॅलिनमधून तुकडा काढतो, दोन ओळींचा अहवाल लिहितो आणि ठरलेली मुदत संपली की उरलेला भाग नष्ट होतो. माझे म्हणणे असे आहे की रुग्णाची संमती घेऊन या झडपेचा एक लहान तुकडा शस्त्रक्रियागृहातच गोठवून ठेवावा आणि राज्यातील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांनी मिळून त्यांतील प्रथिनांचा अभ्यास करावा, म्हणजे कोणाची झडप बिघडत जाईल हे आधी सांगणारी खूण, अर्थात निर्देशक, शोधता येईल.

असे तुकडे काय सांगू शकतात, हे ब्राझीलमध्ये दिसले आहे. साओ पावलो येथील लुइझा गिल्येर्मे आणि जॉर्जी कालिल यांच्या गटाने शस्त्रक्रियेत निघालेल्या ऊतींमधून प्रतिकारशक्तीच्या टी पेशी वेगळ्या करून वाढवल्या आणि त्या कोणत्या प्रथिनांना ओळखतात हे तपासले. घशात संसर्ग करणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसच्या एम प्रथिनाला ओळखणाऱ्या काही पेशी रुग्णाच्या स्वतःच्या हृदयातील प्रथिनांनाही ओळखत होत्या. २००८ मध्ये त्यांनी झडपेतील अशा तीन प्रथिनांची ओळख पटवली: व्हायमेंटिन, इतर प्रथिनांची घडी नीट बसवणारे एक डायसल्फाइड आयसोमरेज, आणि पेशीवर ताण आला की वाढणारे ७८ किलोडाल्टनचे एक प्रथिन. त्याआधी २००४ मध्ये याच गटाने दाखवले होते की दाहाला आवर घालणारे इंटरल्यूकिन-४ तयार करणाऱ्या पेशी हृदयाच्या स्नायूत बऱ्यापैकी असतात, झडपेत मात्र फारच थोड्या सापडतात. तापानंतर स्नायू सावरतो आणि झडप मात्र वर्षानुवर्षे आकसत जाते, हे आपण सगळेच पाहतो. त्यामागचे मला पटलेले हे पहिले स्पष्टीकरण होते.

२०१९ च्या अंदाजानुसार जगात या आजाराचे सुमारे ४ कोटी रुग्ण होते आणि भारताचा त्यातील वाटा मोठा आहे. ज्या देशांत हा आजार जवळपास संपला, तिथल्या प्रयोगशाळांना ही झडप आता सहज मिळत नाही. आपल्याकडे ती येते, आणि आपण ती टाकून देतो. याबद्दल इतरांचे मत काय आहे?

डोंगरवाट:

मी आदिवासी तालुक्यात वैद्यकीय अधिकारी आहे आणि मला हा प्रस्ताव पटत नाही. आपल्यापर्यंत झडप येते तेव्हा रुग्ण तिशी-चाळिशीचा असतो, आणि त्याचा आजार सुरू झालेला असतो पाच ते पंधरा या वयात. मधल्या वीस-पंचवीस वर्षांत त्या झडपेवर दाह, व्रण, रक्ताच्या झोताचा मार आणि चुना असे थर चढलेले असतात. घर जळून गेल्यावर राखेचे पृथक्करण केले तर जळले काय ते कळेल, ठिणगी कुठे पडली ते कळणार नाही.

दुसरे असे की या आजाराला रोखणारे औषध आपल्या हातात आहे आणि ते स्वस्त आहे. युगांडामध्ये ५ ते १७ वयोगटातील ८१८ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) नुकताच दिसू लागलेला आजार असलेल्या या मुलांपैकी निम्म्यांना दर चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले गेले. दोन वर्षांत इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला, न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा. माझ्या तालुक्यात हे इंजेक्शन कधी मिळत नाही, मिळाले तर रिअ‍ॅक्शनच्या भीतीने ते टोचायला कोणी तयार नसते, आणि टोचले तर दुखते म्हणून मूल आपल्याकडच्या वेळापत्रकाप्रमाणे पुढच्या एकविसाव्या दिवशी फिरकत नाही. गोठवलेल्या झडपांसाठी जे शीतकपाट आणि जो तंत्रज्ञ लागेल, त्या खर्चात किती मुलांच्या मागे आरोग्यसेविका पाठवता येईल याचा हिशेब आधी मांडावा.

आणि एक जुना अनुभव. रक्तातल्या एका निर्देशकाने या आजारात आधीच पुरेसे नुकसान केले आहे. एएसओचा (स्ट्रेप्टोकॉकसविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या रक्तचाचणीचा) आकडा वाढला म्हणजे नजीकच्या काळात स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग होऊन गेला, एवढाच त्याचा अर्थ. तरीही केवळ गुडघे दुखतात आणि एएसओ वाढलेला आहे म्हणून वर्षानुवर्षे पेनिसिलिन घेणारी मुले माझ्याकडे येतात, ज्यांच्या हृदयाला कधीच काही झालेले नव्हते. त्यांच्या आयांना समजावताना अर्धा दिवस जातो. अर्धवट समजलेला आणखी एक निर्देशक तालुक्याच्या प्रयोगशाळांत येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

प्रयोगवही:

प्रथिनांचे वस्तुमान-वर्णपट (मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे वजनावरून प्रथिने ओळखणे) हे माझे रोजचे काम आहे. माझा आक्षेप डोंगरवाट यांच्यापेक्षा वेगळा आहे. मुळात हे मोजमाप जितके सोपे वाटते तितके ते नाही.

व्हायमेंटिनचेच उदाहरण घ्या. झडपेच्या आतल्या पेशी निरोगी माणसातही व्हायमेंटिनने भरलेल्या असतात. त्यामुळे रोगट झडपेत व्हायमेंटिन जास्त सापडले तर त्याचा अर्थ एवढाच निघू शकतो की तिथे पेशी जास्त आहेत. चुना चढलेला तुकडा आम्लात मऊ करून घेतला की नाजूक प्रथिनांची वाट लागते. सगळा तुकडा वाटून यंत्रात घातला तर पहिल्या प्रकारचे कोलॅजेन आणि रक्तातून झिरपलेले अल्ब्युमिन एवढेच मोठ्याने बोलतात, बाकीच्यांचा आवाज ऐकू येत नाही. आणि तुलना कशाशी करणार? निरोगी माणसाची झडप कोणी कापून देत नाही. मग शवविच्छेदनातली झडप घ्यायची, तर मृत्यूनंतरच्या तासांत तिची प्रथिने बिघडू लागलेली असतात. किंवा वयानुसार सैल पडलेली झडप घ्यायची, तर तो दुसराच आजार. त्या दोन आजारांत फरक सापडला तर तो रुमॅटिक आजाराचा विशेष आहे की सैल झडपेचा, हे कसे ठरवणार?

अभ्यास होऊ नये असे मी म्हणत नाही. तुलनेचा गट आधी ठरवल्याशिवाय नमुने साठवायला सुरुवात केली तर पाच वर्षांनी कपाटभर तुकडे हाती असतील आणि त्यांना विचारायचा प्रश्न नसेल, असे पूर्वी एका प्रकल्पात माझ्या डोळ्यांदेखत घडले आहे.

कृष्णाकाठ:

मी डॉक्टर नाही. शाळेत असताना ताप आणि सांधे सुजण्याचे निमित्त झाले, एकविसाव्या वर्षी फुग्याने झडप उघडली, आणि अडतिसाव्या वर्षी ती काढून तिच्या जागी तिरुवनंतपुरमची चित्रा झडप बसवली. आता रोज रक्त पातळ ठेवण्याची गोळी आणि दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) हे माझे आयुष्य आहे. माझी काढलेली झडप कुठे गेली हे मला कोणी सांगितले नाही, आणि ती अभ्यासाला ठेवू का, असेही कोणी विचारले नाही. विचारले असते तर मी आनंदाने सही केली असती.

डोंगरवाट यांचा राग मला समजतो, कारण माझी इंजेक्शने लहानपणी दोनच वर्षांत बंद पडली होती. पण माझ्याबरोबर आजारी पडलेल्या माझ्या चुलत बहिणीचीही ती बंद पडली होती, आणि तिचे हृदय आज ठणठणीत आहे. एकाच घरात, एकाच विहिरीचे पाणी पिऊन वाढलेल्या दोघींपैकी माझीच झडप का गेली, हे मला जाणून घ्यायचे आहे.

आरस्पानी:

कृष्णाकाठ ताई, आपल्या शेवटच्या वाक्यात माझा मूळ प्रश्न माझ्यापेक्षा नेमका मांडला गेला आहे.

डोंगरवाट, आपण दिलेले युगांडाचे आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचून पाहावेत. इंजेक्शन न घेतलेल्या शंभरातील सुमारे ९२ मुलांचा आजार त्या दोन वर्षांत वाढला नाही. म्हणजे सात-आठ मुलांना वाचवण्यासाठी आपण शंभर मुलांना वर्षानुवर्षे टोचणार, आणि ते योग्यच आहे, कारण ती सात-आठ कोण हे आपल्याला ओळखता येत नाही. हरियाणातील बल्लभगढच्या शाळांत सहा हजारांहून अधिक मुलांची इको तपासणी झाली, तेव्हा हजारी सुमारे २० मुलांच्या झडपांत बदल दिसले. केवळ स्टेथोस्कोपवर विसंबले असते तर हजारी जेमतेम एक मूल सापडले असते. उद्या अशी तपासणी राज्यभर झाली तर या सगळ्या मुलांना टोचण्याएवढे मनुष्यबळ आपल्या तालुक्यात असेल का? ज्याच्या झडपेतला दाह धुमसतो आहे ते मूल ओळखणारा निर्देशक मिळाला तर सर्वांत मोठा दिलासा आपल्यालाच मिळेल. एएसओ संसर्गाची खूण सांगतो, झडपेची नाही, म्हणून तो फसतो. झडपेची खूण झडपेतच शोधावी लागेल.

राखेची उपमा मला अर्धीच मान्य आहे. निरोगी पाकळीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. २००५ मध्ये अमेरिकेत नलिनी राजमन्नन आणि सहकाऱ्यांनी चुना चढलेल्या रुमॅटिक झडपांत नव्या रक्तवाहिन्या, त्या वाढवणारे व्हीईजीएफ हे प्रथिन आणि हाडे घडवणाऱ्या पेशींची ऑस्टिओकॅल्सिनसारखी प्रथिने दाखवली. झडपेत चुना नुसता साचत नाही, तिथे हाडासारखी रचना घडत असते. ही शेवटच्या टप्प्यातील झडपेत चालू असलेली, जिवंत क्रिया आहे, आणि चालू असलेली क्रिया थांबवता येण्याची शक्यता असते.

आणखी एक गोष्ट, जी भारतीय म्हणून मला महत्त्वाची वाटते. जंतूच्या एम प्रथिनाचे हृदयाच्या मायोसिनशी साम्य असल्यामुळे शरीर स्वतःवर उलटते, असे आपण पाठ केले. पण मायोसिन हे स्नायूचे प्रथिन. मग मार झडपेला का बसतो? दिल्लीच्या एम्समध्ये आयुष्य घालवलेले डॉ. राजेंद्र टंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हाच प्रश्न लावून धरला. रुमॅटिक हृदयदाहात स्नायूच्या इजेची खूण असलेले ट्रोपोनिन वाढत नाही, या निरीक्षणाचा त्यांनी आधार घेतला आणि झडपेच्या अस्तराखालील पातळ पटलात असलेल्या चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनकडे बोट दाखवले. याउलट ओक्लाहोमाच्या मॅडेलीन कनिंगहॅम यांच्या मांडणीत प्रतिपिंडे आधी झडपेच्या अस्तराला चिकटतात, त्या अस्तरावर व्हीकॅम-१ हे प्रथिन उगवते आणि टी पेशींना आत शिरायला वाट मिळते. या दोन मतांतील वाद झडपेचा तुकडा हाती घेतल्याशिवाय कसा मिटेल, हे मला कोणी सांगावे.

डोंगरवाट:

रक्तवाहिन्यांचा मुद्दा मला माहीत नव्हता. तो मी मान्य करतो आणि राखेची उपमा तेवढ्यापुरती मागे घेतो.

परंतु दोन वर्षे म्हणजे या आजारात काहीच नव्हे. त्या ९२ मुलांपैकी किती जणांची झडप विसाव्या वर्षी आकसलेली असेल, हा हिशेब आपण धरलेला नाही. निर्देशकाने ‘धोका नाही’ म्हटलेल्या मुलाचे इंजेक्शन बंद केले आणि ते चुकले, तर त्याची किंमत ते मूल मोजेल. म्हणून माझी अट अशी की असा निर्देशक कोणाचे इंजेक्शन सुरू ठेवायचे किंवा अधिक नेटाने पाठपुरावा कोणाचा करायचा, यासाठीच वापरावा. इंजेक्शन नाकारण्यासाठी कधीही वापरू नये. आणि खर्चाबाबत माझे मत कायम आहे. आधी माझ्या केंद्रात पेनिसिलिन आणि रिअ‍ॅक्शन आल्यास लागणारे अ‍ॅड्रिनॅलिन बारमाही असावे, मग शीतकपाट.

प्रयोगवही:

आरस्पानी, आपल्या उत्तरात एक दुवा निसटला आहे. शाळकरी मुलाच्या झडपेचा तुकडा आपण घेऊ शकत नाही, त्याचे रक्तच घेणार. त्यामुळे झडपेत काही सापडले तरी तेच रक्तात उतरते का, हे दाखवावे लागेल. कोलकात्याच्या संशोधकांनी रुमॅटिक मायट्रल विकारात कोलॅजेन घडताना आणि मोडताना सुटणारे तुकडे रक्तात मोजले आहेत, तो मार्ग मला योग्य वाटतो. पण कोलॅजेन यकृत, हाडे, फुप्फुसे सगळीकडे घडते आणि मोडते, वाढत्या वयाच्या मुलात तर विशेष. म्हणून ज्या रुग्णाची झडप आपण ठेवाल, त्याच रुग्णाचे शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि सहा महिन्यांनंतरचे रक्तही ठेवा. झडप गेल्यावर जे प्रथिन रक्तातून उतरते, त्याच्यावर मी आधी विश्वास ठेवीन.

तुलनेच्या गटाबद्दलही मला एक वाट सुचते. काही वेळा एकाच रुग्णात मायट्रल आणि महाधमनी या दोन्ही झडपा बदलल्या जातात आणि पुष्कळदा दोघींची हानी सारखी नसते. वय, औषधे, रक्त आणि शस्त्रक्रिया तीच, फरक फक्त झडपेचा. तरी दोन्ही झडपांची मूळ घडण वेगळी असते, हे ध्यानात ठेवूनच अशा जोड्यांचे निष्कर्ष वाचावे लागतील.

आणि डोंगरवाट यांची अट संमतीपत्रातच लिहा, म्हणजे सही करताना रुग्णालाही ती कळेल. बाकी पहिल्या दिवसापासून एक काम विसरू नका: तुकडा कापल्यापासून तो द्रवरूप नायट्रोजनमध्ये पडेपर्यंत किती मिनिटे गेली, हे प्रत्येक कुपीवर लिहायला लावा. शस्त्रक्रियागृहात त्या वेळी कोणाचे हात मोकळे असतात, ते मला माहीत नाही. तेवढे आपण आधी परिचारिकांना विचारून घ्यावे.