पुणे ते बंगळूर बिऱ्हाड हलवायचं आहे : पॅकर्स, एसी, गाडी, गॅस याबद्दल सल्ला हवा

ओसरी
जूनच्या शेवटच्या आठवड्यात कोथरूडहून बंगळूरला, व्हाइटफील्ड भागात मुक्काम हलवायचा आहे. दोन बेडरूमचं घर. मोठं सामान असं : फ्रिज, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, दीड टनी स्प्लिट एसी, हायड्रॉलिक पलंग, दोन लोखंडी कपाटं, इन्व्हर्टर, आरओ, स्कूटर. शिवाय पुस्तकं बरीच आहेत. कार चालवत नेणार आहोत.
पॅकर्सचे तीन अंदाज आले, तिघांच्या आकड्यांत जवळपास दुपटीचा फरक आहे. कशावरून ठरवायचं? आणि पावसाचं काय?

घाटवाट
आकडे बाजूला ठेवा. आधी तिघांकडून वस्तूंची लेखी यादी मागा, त्यात खोक्यांची संख्याही हवी. फोनवर सांगितलेला स्वस्त दर बहुतेक वेळा यादीशिवायचा असतो. मग चढवायच्या दिवशी 'सामान जास्त निघालं' म्हणून रक्कम वाढते, आणि तोवर निम्मं घर ट्रकमध्ये गेलेलं असतं. घरी येऊन किंवा व्हिडिओ कॉलवर प्रत्येक खोली, माळा आणि बाल्कनी पाहिल्याशिवाय दिलेला अंदाज धरूच नका.

दुसरा प्रश्न : पूर्ण ट्रक की वाटणीचा, म्हणजे इतरांच्या सामानासोबतचा? तुमच्या सामानाला साधारण 14 फुटी गाडी लागेल. वाटणीच्या ट्रकमध्ये सामान वाटेत गोदामात उतरतं आणि दुसऱ्या गाडीत चढतं. मोडतोड सगळ्यात जास्त तिथेच होते, कारण ते हमाल वेगळे असतात आणि कुठलं खोकं नाजूक हे त्यांना ठाऊक नसतं. पूर्ण गाडी असेल तर सुमारे 840 किलोमीटरला दोन ते तीन दिवस धरा. अंदाजपत्रकात 'वाटेत गाडी बदलणार नाही' हे लिहून घ्या आणि चढवून झाल्यावर गाडीचा नंबर बिल्टीवर (वाहतूकदाराच्या पावतीवर) आहे ना ते पाहा.

विम्याचं नीट बघा. पॅकर्स 'तीन टक्के विमा' म्हणून जे घेतात तो अनेकदा त्यांचा स्वतःचा जोखीम आकार असतो, विमा कंपनीची पॉलिसी नसते. पॉलिसीचा क्रमांक आणि तुमचं नाव असलेला कागद सामान निघण्याआधी हातात आला, तरच तो विमा.

'ई-वे बिलाचा' (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचा) खर्च कोणी लावला तर काढायला सांगा. वापरलेल्या घरगुती सामानाला जीएसटी नियम 138 च्या परिशिष्टात सूट आहे.

सांडशी
यंत्रांबद्दल सविस्तर लिहिते, कारण ही कामं पॅकर्सच्या माणसांवर सोडायची नाहीत.

वॉशिंग मशीन : फ्रंट लोडचा ड्रम स्प्रिंगांवर लटकता असतो. मशीनसोबत आलेले तीन-चार लांब ट्रान्झिट बोल्ट मागच्या बाजूला घट्ट बसवल्याशिवाय ते हलवू नका. नाहीतर रस्त्यावरच्या धक्क्यांनी ड्रम आपटतो आणि शॉकअब्सॉर्बर जातात. बोल्ट हरवले असतील तर मॉडेल नंबर देऊन सर्व्हिस सेंटरमधून आत्ताच मागवा, यायला वेळ लागतो. बोल्ट लावण्याआधी खालच्या फिल्टरमधलं पाणी काढा. आणि तिकडे पहिलं धुणं लावण्याआधी बोल्ट आठवणीने काढा.

एसी : काढताना 'पंप डाउन' झालंच पाहिजे. एसी कूलिंगवर चालू ठेवून आधी बाहेरच्या युनिटचा पातळ नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गेजवरचा दाब शून्याजवळ आला की जाड नळीचा बंद करून लगेच एसी बंद. असा सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये जमा होतो. घाईतला माणूस थेट नट सोडतो, गॅस उडून जातो आणि तिकडे भरण्याचा खर्च येतो. नवीन ठिकाणी बसवताना व्हॅक्यूम पंप लावायला सांगा, नळीत हवा आणि ओल राहिली तर कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी होतं. एसी सात-आठ वर्षांचा असेल तर मात्र पुण्यातच विका. काढणं, बसवणं, नवी तांब्याची नळी एवढं करून त्यात अर्थ राहत नाही.

फ्रिज : आदल्या दिवशी बंद, बर्फ वितळू द्या, मागचा पाण्याचा ट्रे रिकामा करा. दारावर चिकटपट्टी नको, रबर खराब होतं. फिल्म गुंडाळा. फ्रिज उभाच न्यायचा. आडवा झाला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळीत जातं, मग उभा केल्यावर एक दिवस सुरू करू नका.

इन्व्हर्टरची बॅटरी : आत आम्ल असतं, बरेच पॅकर्स नाकारतात. जुनी असेल तर एक्स्चेंजमध्ये द्या.

आरओ : पुण्यात धरणाचं पाणी, तिकडे त्या भागात बऱ्याच सोसायट्या बोअर आणि टँकरवर. आधी तिथल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजून घ्या, मगच हेच यंत्र चालेल का ते ठरवा.

मोरपिसारा
पावसासाठी उघडा ट्रक आणि ताडपत्री नकोच, बंद कंटेनर मागा. गाद्या दोन थर प्लॅस्टिकमध्ये. पुस्तकं लहान खोक्यांत, एका खोक्यात 12 ते 15 किलोच. मोठं खोकं भरलं की तळ फाटतो. पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून त्याच फळीला चिकटवा. पार्टिकल बोर्डचं फर्निचर दुसऱ्यांदा जोडलं की स्क्रू धरत नाही, ते नेऊच नका. लोणच्याच्या बरण्या, तेल आणि देव स्वतःच्या गाडीत.

ओसरी
फार उपयोगी. स्कूटर, कारचा नंबर आणि गॅस यांचं कोणी सांगेल का?

ताम्हण
स्कूटर ट्रकमध्ये चढण्याआधी पेट्रोल पूर्ण काढा, बॅटरीची वायर सोडा, आरसे काढा, मीटरचा आणि चारही बाजूंचा फोटो घ्या.

दोन्ही गाड्यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 नुसार दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचं असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो. मुक्काम लांबणार असेल तर नमुना 28 वर आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) पुण्यातूनच घेऊन निघा. दंडाचं चलन थकलेलं नको, कर्ज असेल तर बँकेचं पत्र हवं. कर्नाटकाचा कर गाडीच्या वयानुसार भरायचा, मग नव्या आरसीसह महाराष्ट्रातल्या उरलेल्या कराचा परतावा मागायचा. हा क्रम उलटत नाही, म्हणून तिकडच्या कराची रक्कम आधी हाताशी ठेवा. कर्नाटकात कधी शिरलात याचा पुरावा म्हणून फास्टॅगचे टोलचे तपशील आणि बिल्टी जपा.

गॅस : भरलेला सिलिंडर ट्रकमध्ये ठेवू नका. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत परत करून टर्मिनेशन व्हाउचर (जोडणी बंद केल्याचा कागद) घ्या. अनामत परत मिळते आणि त्याच कागदावर बंगळूरला नवी जोडणी होते. मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर (जोडणी घेताना मिळालेला कागद) शोधून ठेवा. शेगडीची नळी तिकडे नवीच घ्या.

घाटवाट
उतरवण्याचं राहिलं होतं. तिथल्या सोसायटीला सामान आणण्याची वेळ, लिफ्ट आणि शुल्क आधी विचारा. मोठ्या गाड्यांना शहरात गर्दीच्या वेळी बंदी असते, म्हणून शेवटच्या टप्प्याला छोटा टेम्पो लागला तर खर्च कोणाचा हे अंदाजपत्रकातच हवं.

प्रत्येक खोक्यावर नंबर आणि खोलीचं नाव लिहा, यादीत आत काय ते. उतरताना एकाने दारात उभं राहून नंबर खोडावेत. तुटलेलं दिसलं तर सही करण्याआधी बिल्टीवर तिथल्या तिथे लिहा आणि ट्रकजवळच फोटो काढा. वाहतूकदारावर दावा करायचा झाला तर कॅरेज बाय रोड कायदा 2007 प्रमाणे लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत जावी लागते. हे दिवस सामान पोचल्यापासून मोजायचे नाहीत.